घास अडतो तेव्हा

मागच्या लेखात आम्ही दहावीनंतरच्या वाटांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांना या खेपेस उत्तरे द्यायची ठरवली होती. परंतु गेल्या रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास शेजारच्या वस्तीतला एक तरुण बाप आमच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या दीड वर्षाच्या मुलाने मोरीतली बाटली तोंडाला लावली होती. दवाखान्यात दोन दिवस ठेवून, दुर्बिणीने तपासून मुलाला घरी पाठवले होते. "दादा, तुमच्या पोरीचं काय काय झालं होतं, मला सगळं सांगा. माझ्या बायकोला झोप लागत नाही," तो म्हणाला.

आमच्या घरची ही गोष्ट वस्तीत बहुतेकांना ठाऊक आहे. पण ती पुरती ठाऊक नाही. त्या तरुणाला त्या रात्री जे सांगितले तेच आज लिहितो. पत्रलेखकांनी एक आठवडा वाट पाहावी.

एप्रिल २०२२ मधली घटना. जयंती चार दिवसांवर आली होती. घरोघरी भिंतींना चुना, मोरीची घासाघीस, पडदे धुणे चालले होते. सायकलवरून फिनेल आणि अ‍ॅसिड विकणारा माणूस गल्लीत आला. त्याच्याकडे सुटे अ‍ॅसिड स्वस्त मिळते. आपण रिकामी बाटली द्यायची, तो भरून देतो. घरात थंड पेयाची एक रिकामी बाटली होती, ती पुढे केली. निम्म्या अ‍ॅसिडात मोरी घासून झाली. उरलेल्याची बाटली मोरीच्या कोपऱ्यात, पिंपाच्या आडोशाला ठेवली गेली.

आमची धाकटी तेव्हा पावणेतीन वर्षांची. उन्हाळ्याचे दिवस, खेळून दमलेली पोर. ओळखीची बाटली दिसली. तिच्या लेखी ते सरबतच होते.

तिची आई चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, भाकरी थापत होती. किंकाळी ऐकून ती धावली. पोरीच्या ओठांतून लाळ गळत होती आणि जीभ पांढरी पडली होती. शेजारच्या मावशी धावून आल्या. त्यांनी जिवाच्या कळकळीने मिठाचे पाणी पाजून उलटी करवली. आणखी कोणी लिंबूपाणी करून आणले. त्या माउलीचा यात दोष नाही. 'विष पोटात गेले तर ओकारी काढावी' हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. पण अ‍ॅसिड उतरताना जेवढे जाळते, तेवढेच वर येतानाही पुन्हा जाळते, हे आमच्या गल्लीत एकालाही ठाऊक नव्हते. बी.कॉम. झालेल्या आम्हालाही नव्हते. आम्ही त्या वेळी जयंतीची वर्गणी गोळा करीत फिरत होतो.

मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून तपासणी झाली. अन्ननलिका बऱ्याच लांबीपर्यंत भाजली होती. नऊ दिवसांनी घरी सोडले. पोर मऊ भात खाऊ लागली, हसू लागली. आम्हाला वाटले, संकट टळले. डॉक्टरांनी 'तीन आठवड्यांनी दाखवायला आणा' असे बजावले होते. आम्ही मनात म्हणालो, आता बरी आहे, कशाला खाडा करायचा? रजाही संपत आली होती.

इथेच पुष्कळ आईबाप चुकतात, तसेच आम्हीही चुकलो. भाजलेल्या जागेची जखम भरते तेव्हा ती आक्रसते. हातावर भाजल्यावर कातडी कशी ओढली जाते ते आपण पाहतो. अन्ननलिका म्हणजे तर नळीच. तिच्या आत असे झाले की नळी अरुंद होते. आणि हे लगेच होत नाही, साधारण तीन आठवड्यांनंतर सुरू होते. आमच्या मुलीला चौथ्या आठवड्यात पोळीचा तुकडा अडला. मग भात अडू लागला. मग नुसते वरणाचे पाणी. एके दिवशी घोटभर पाणी प्यायली आणि तेही नाकातोंडातून परत आले. बेरियमचे पांढरे औषध पाजून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरला, तेव्हा जिथे नळी दिसायला हवी तिथे सुतासारखी रेघ दिसत होती.

वजन साडेनऊ किलोवर आले होते. पोटाला बाहेरून भोक पाडून जठरात नळी बसवावी लागेल असे सांगण्यात आले. आमच्या आईने हे ऐकून पदर डोळ्यांना लावला. "पोरीच्या पोटाला भोक पाडू नका रे," म्हणाली. गावाकडच्या एका नातेवाइकाने भगताचे नाव सुचवले. मुलीच्या आईने मात्र डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "नळीतून तिचं पोट भरेल ना?" डॉक्टर हो म्हणाले. "मग बसवा," ती म्हणाली. नळी बसवणे ही हार नाही, हे तिला आमच्याआधी कळले. पोटात अन्न गेले तरच वजन वाढणार, आणि वजन वाढले तरच पुढचे उपचार सोसणार.

पुढचे उपचार म्हणजे अन्ननलिका रुंद करणे. डॉक्टर त्याला डायलेटेशन म्हणतात. मुलाला भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण घालतात आणि अरुंद जागी फुगा किंवा क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या घालून ती जागा ताणतात. एकदा करून भागत नाही. ताणलेली जागा पुन्हा आक्रसते, म्हणून पुन्हा ताणायची. आमच्या मुलीचे पहिल्या वर्षात पंधरा वेळा झाले. आधी दर पंधरवड्याला, मग तीन आठवड्यांनी, मग महिन्याने. आजवर सव्वीस वेळा झाले आहे. आता चार-पाच महिन्यांचे अंतर पडते. ज्या मुलांना याने गुण येत नाही त्यांच्यासाठी मोठ्या आतड्याचा किंवा जठराचा भाग वापरून नवी अन्ननलिका करण्याची शस्त्रक्रिया असते. ती वेळ आमच्यावर आली नाही.

पहाटे चारला उठून, उपाशी पोर खांद्यावर घेऊन पहिली लोकल पकडायची. डब्यात कुणी वडापाव उघडला की ती वासाकडे मान वळवायची. भूल द्यायची असल्यामुळे थेंबभर पाणीही द्यायचे नाही. या प्रवासात तिला गप्प कसे ठेवायचे हे शिकवणारे पुस्तक आम्हाला सापडले नाही. तिची आई तिला येणारी स्टेशने मोजायला लावी. आज पोरीला कल्याण ते दादर सगळी स्टेशने उलटसुलट पाठ आहेत.

घरचे काम तर दिवसभराचे. नाचणीची पेज, मुगाचे वरण, उकडलेल्या अंड्याचे पिवळे, केळे, दूध, चमचाभर तेल, जे डॉक्टरांनी सांगितले ते मिक्सरमध्ये बारीक करायचे, गाळण्यातून दोनदा गाळायचे. गुठळी राहिली तर नळी तुंबते. मोठी पिचकारी वर धरायची आणि अन्न आपल्या वजनाने हळूहळू उतरू द्यायचे, दाबायचे नाही. आधी आणि नंतर नळी पाण्याने धुवायची. नंतर अर्धा तास मुलीला बसते ठेवायचे. असे दिवसातून सहा वेळा. एकदा खेळताना नळी निसटली. ती तासाभरात परत बसवून घ्यावी लागली, कारण पोटाचे भोक लवकर मिटू लागते. त्या रात्रीपासून जादा नळी, पिचकारी आणि इस्पितळाचा कागद असलेली पिशवी दाराच्या खिळ्याला कायम टांगलेली असे.

तिथल्या एका सिस्टरने एक मोलाची गोष्ट सांगितली. नळीने पोट भरत असले तरी मुलीला जेवणाच्या पंगतीतून उठवू नका. तिलाही ताट द्या. वास घेऊ द्या, डॉक्टर परवानगी देतील तेवढे जिभेला लावू द्या, चावू द्या, हवे तर थुंकू द्या. लहान मूल खाणे विसरले तर पुढे रस्ता मोकळा झाला तरी त्याला चावण्या-गिळण्याची भीती बसते. आम्ही तसेच केले. ती भाकरीचा तुकडा चघळायची आणि वाटीत थुंकायची. पाहुण्यांना किळस यायची. ज्यांना किळस आली त्यांना आम्ही दुसऱ्या वेळी जेवायला बोलावले नाही.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात अडतो.

पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता : आईचे लक्ष कुठे होते? इस्पितळात नोंद करणाऱ्याने विचारले. वॉर्डातल्या बायांनी विचारले. आमच्या आक्काने तर तोंडावर सुनावले, "दोन खोल्यांचं घर, तेवढ्यात एक पोर सांभाळता येईना वहिनीला?" मुलीची आई खाली मान घालून ऐकत राहिली. आणि आम्ही शेजारी उभे राहून गप्प राहिलो.

वाचकहो, ती बाटली आम्ही ठेवली होती. सायकलवाल्याला रिकामी बाटली आम्हीच दिली. मोरी आम्ही घासली, कारण घरकामात हात लावतो याचा आम्हाला अभिमान होता. वर्गणीला उशीर होतो म्हणून झाकण अर्धवट फिरवून बाटली आम्हीच पिंपामागे सारली. मुलीच्या आईला ती तिथे आहे हे माहीतदेखील नव्हते. तिने हे कोणालाही सांगितले नाही. आम्हीही नाही. जवळजवळ नऊ महिने.

३ जानेवारी २०२३ रोजी सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम विहारात होता. आमचे भाषण होते. स्त्रीच्या माथी दोष मारणाऱ्या समाजावर आम्ही पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या. मुलीची आई मागच्या रांगेत बसून पिचकारी वर धरून तिला पेज देत होती. रात्री भांडी घासता घासता ती म्हणाली, "भाषण चांगलं झालं तुमचं. पण बाटली कुणी ठेवली, ते त्यात आलं नाही."

ती भांडली असती, रडली असती, तर आम्ही काहीतरी उत्तर दिले असते. ती एवढेच बोलली आणि पातेले उपडे घालून झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आईला सांगितले. मग आक्काला. आक्का बराच वेळ बोलली नाही. मग उठून वहिनीजवळ जाऊन बसली. पुढच्या रविवारी विहारातल्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरे झाले. पण बैठक संपल्यावर तीन बाप एकेक करून जवळ आले. एकाच्या मुलाने रॉकेल प्यायले होते, एकाच्या मुलीने केसांचा रंग. तिन्ही घरांत बोल आईलाच लागला होता.

त्या महिन्यात तरुणांना घेऊन आम्ही घरोघरी मोऱ्या पाहिल्या. पहिल्याच ओळीत कितीतरी घरांत अ‍ॅसिड, फिनेल नाहीतर रॉकेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत निघाले. लोक निष्काळजी आहेत म्हणून नव्हे. सुटे स्वस्त पडते, आणि दोन खोल्यांत उंच, कुलुपाचे कपाट कुणाकडे असते? म्हणून उपदेश न करता आम्ही छताजवळ एक फळी आणि एक कडी ठोकून द्यायला सुरुवात केली. खर्च फारसा येत नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी साबण आणि सफाईसाठी घरोघरी कॉस्टिकची पूड असे, आणि मुले ती साखर समजून खात. पिट्सबर्गचे घशाचे डॉक्टर शेव्हालिए जॅक्सन (१८६५-१९५८) यांनी अशा मुलांच्या अन्ननलिका दुर्बिणीने रुंद करण्यात आयुष्य वेचले. पण केवळ उपचार करून त्यांचे समाधान झाले नाही. डब्यावर 'विष' असा शब्द आणि उपाय छापलाच पाहिजे यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि १९२७ साली तसा कायदा झाला. मुलांना सहज न उघडणाऱ्या झाकणांचा कायदा तिथे १९७० साली आला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर बंधने घातली. विकणाऱ्याने नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, अठरा वर्षांखालच्याला देऊ नये. तो आदेश स्त्रियांवरील अ‍ॅसिडहल्ल्यांच्या खटल्यात झाला. तरी २०२२ साली आमच्या गल्लीत ते सुटे मिळालेच. सायकलवाला आपल्यासारखाच पोटासाठी फिरतो, त्याच्यावर राग धरून उपयोग नाही. पण निदान आपली बाटली त्याच्यापुढे करायची नाही, एवढे आपल्या हातात आहे.

त्या तरुण बापाला जे कागदावर लिहून दिले तेच इथे देतो. कापून भिंतीला लावावे.

१. मुलाने अ‍ॅसिड, कॉस्टिक किंवा मोरी साफ करण्याचे औषध प्यायले तर उलटी करवू नये. मिठाचे पाणी, लिंबू, सोडा, तेल देऊ नये. डॉक्टर सांगत नाहीत तोवर पोटात काहीही देऊ नये. तोंडातले द्रव ओल्या फडक्याने पुसावे. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून ती जागा भरपूर पाण्याने धुवावी.

२. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठे इस्पितळ गाठावे. बाटली सोबत न्यावी. ओठ-जीभ ठीक दिसली तरी आत भाजलेले असू शकते, म्हणून 'बघू उद्या' म्हणू नये.

३. घरी सोडल्यावर मूल बरे दिसले तरी सांगितलेल्या तारखेला दाखवावेच. घास अडणे, खाताना खोकला, जेवण लांबणे, वजन घटणे, ही अरुंद होण्याची चिन्हे आहेत.

४. नळी रुंद केल्यानंतर छातीत दुखणे, ताप किंवा धाप लागली तर त्याच रात्री इस्पितळात परत जावे, सकाळची वाट पाहू नये. घास अडून मूल लाळही गिळू शकत नसेल तरीही तसेच.

५. अशा मुलाला शेंगदाणे, बोरे, मटणाचा गोळा, कोरडी पोळी देऊ नये. बसवून, बारीक घास, भरपूर चावून, मध्ये घोट घोट पाणी. घाई करू नये, रागावू नये. पैसा, बटणे दूर ठेवावीत.

६. पैशासाठी सावकाराकडे जाण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी योजना ती हीच. योजनेतल्या इस्पितळात 'आरोग्यमित्र' बसतो. कोणता उपचार बसतो ते त्यालाच विचारावे. रेशनकार्ड आणि मुलाच्या जन्माचा दाखला जवळ ठेवावा.

सहावीनंतर सातवी गोष्ट आम्ही त्याला तोंडी सांगितली. "घरी जाऊन बायकोला आधी विचार, जेवलीस का. आणि बाटली कुणीही ठेवलेली असो, चारचौघांत सांग की आम्ही दोघांनी ठेवली." तो थोडा वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "दादा, मीच ठेवली होती." आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरे काय करणार?

आमची धाकटी आता पहिलीत आहे. पोटातली नळी काढून बराच काळ झाला. तिथे छोटासा खळगा उरला आहे, त्याला ती 'माझं दुसरं तोंड' म्हणते. वरणात भिजवलेली अर्धी पोळी खायला तिला पाऊण तास लागतो. पहिल्या शाळेने 'एवढा वेळ कोण थांबणार' म्हणून नकार दिला होता. दुसऱ्या शाळेतल्या बाई मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर स्वतःचा डबा सावकाश खातात. सगळे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. आयुष्यभर तपासण्या कराव्या लागतील असे डॉक्टर सांगतात. तशा करू.

परवा जेवताना तिचा घास अडला. ती घाबरली नाही. हात वर केला, थांबली, घोटभर पाणी प्यायली, मान ताठ करून गिळला. मग आमच्या ताटाकडे पाहून म्हणाली, "पप्पा, तुम्ही पण चावून खा ना. किती घाई करता!"

खरे आहे तिचे. घाईतच ती बाटली पिंपामागे गेली होती.

हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी उठा आणि आपली मोरी एकदा पाहून या. वाचन काय, नंतरही होईल.

जयभीम.